धुराची खतावणी



गावच्या लोहारशाळेत आपण सगळेच कधी ना कधी बसलेले आहोत. फाळ पाजवून घ्यायचा असतो, नाही तर कोयत्याला धार लावायची असते, आणि आपली पाळी येईपर्यंत भाता ओढायचे काम आपल्याच गळ्यात पडते. लोहाराने भट्टीत दगडी कोळसा टाकला असेल तर पहिल्यांदा काय होते ते आठवून बघा. जड, पिवळट धूर निघतो. डोळे चुरचुरतात, डांबरासारखा उग्र वास घशात बसतो. लोहार म्हणतो, "थांबा जरा, घाण जळू द्या." थोड्या वेळाने धूर ओसरतो आणि निखारा रसरशीत, स्वच्छ होतो. त्यातले खडे पाणी मारून बाजूला काढले, तर ते हलके, सच्छिद्र, करड्या रंगाचे दिसतात. हाच कोक. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत लोखंड वितळवायला जो कोक लागतो तोही हाच. फक्त मोठ्या भट्टीत, मोठ्या मापाने केलेला.

आज बोलायचे आहे ते त्या पिवळट धुराविषयी. तो गेला कुठे, आणि त्याचा हिशेब कोणी लिहून ठेवला? हिशेबाची गोष्ट म्हटली की ऐकणाऱ्याला जांभई येते, हे मला ठाऊक आहे. पण या हिशेबात माणसांचे जीव गुंतलेले आहेत, तेव्हा थोडा धीर धरा.

इंग्लंडात कोलब्रुकडेल या ठिकाणी अब्राहम डार्बी याने १७०९ साली कोक वापरून लोखंड गाळले. त्याआधी लोखंड गाळायला लाकडी कोळसा लागे आणि त्यापायी रानेच्या राने तुटत. डार्बीच्या युक्तीने झाडांवरचा भार कमी झाला आणि लोखंड स्वस्त व्हायची वाट मोकळी झाली. पुढे हा धंदा अमेरिकेत फोफावला. पेनसिल्व्हेनिया राज्यात पिट्सबर्ग शहराच्या आसपास जमिनीखाली कोकसाठी उत्तम असा कोळसा होता. तिथल्या कॉनेल्सव्हिल भागात विटांच्या घुमटाकार भट्ट्या हजारोंनी उभ्या राहिल्या. आकार मधमाश्यांच्या पोळ्यासारखा, म्हणून नावही तेच पडले. माथ्याला भोक असे. त्यातून कोळसा टाकायचा आणि त्यातूनच धूर, वायू, डांबराची वाफ सगळे आभाळात सोडून द्यायचे. त्या भट्ट्यांच्या वह्यांत कोळसा किती आला, कोक किती गेला, मजुरी किती झाली, हे सारे चोख लिहिलेले असे. धुराचा रकाना मात्र नव्हता.

मग रसायनवाल्यांनी दाखवून दिले की आभाळात जाते आहे ती घाण नव्हे, पैसा आहे. त्या धुरात डांबर आहे, बेंझीन आहे, जाळता येईल असा वायू आहे आणि अमोनिया आहे. अमोनियापासून अमोनियम सल्फेट होते. आमच्या शेतकरी बंधूंना हे नाव नवे नाही. जुने ऊस-बागायतदार ज्याला नुसते 'सल्फेट' म्हणत तेच हे खत. सिंद्रीचा खतकारखाना १९५१ साली सुरू झाला, पण त्याच्या कितीतरी आधी जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात कोकभट्ट्यांच्या वायूतून अमोनियम सल्फेट काढले जात होते. उसाच्या मुळाशी पडलेले पांढरे खत आणि लोहाराच्या भट्टीतला पिवळा धूर यांचे असे नाते आहे.

हा पैसा पकडायचा तर भट्टी बंद हवी. म्हणून नव्या तऱ्हेची भट्टी आली. ती म्हणजे विटांची एक अरुंद, उंच खोली. रुंदी हातभर, उंची दोन-तीन पुरुष, लांबी चाळीस-पन्नास फूट. अशा पन्नास-साठ किंवा त्याहूनही जास्त खोल्या एकीला एक लागून, कपाटात पुस्तके लावावी तशा. प्रत्येक खोलीला दोन्ही टोकांना लोखंडी दार, माथ्यावर कोळसा ओतायची झाकणे, आणि वायू ओढून नेणारी उभी नळी. कोळसा वरून भरायचा, झाकणे लावून लिंपायची, आणि हवा लागू न देता हजार अंशांच्या वर पंधरा-अठरा तास भाजायचा. मग दोन्ही दारे काढायची, एका बाजूने भला मोठा दट्ट्या घालून लालबुंद कोक दुसऱ्या बाजूच्या वाघिणीत पाडायचा, आणि ती वाघीण मनोऱ्याखाली नेऊन पाण्याने विझवायची. पिट्सबर्गच्या दक्षिणेला मनोंगाहेला नदीच्या काठी क्लेअरटन हे गाव आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथे अशा भट्ट्यांचा प्रचंड कारखाना उभा राहिला आणि पुढे तो अमेरिकेतला सर्वांत मोठा कोक-कारखाना म्हणून ओळखला गेला.

आता गंमत बघा. जो वायू नळीतून गेला त्याचा पैसा झाला. त्याचे माप पौंडापर्यंत ठेवले गेले. जो दाराच्या फटीतून, झाकणाच्या कडेने, कोळसा भरताना आणि कोक ढकलताना सुटला, तो वाऱ्यावर गेला. त्याचे माप कोण घेणार? विकले जाते ते मोजले जाते, असा बाजाराचा रिवाजच आहे.

जे विकता येत नाही तेही मोजा, असे सरकारने कारखानदाराला बजावण्याचा एक आरंभीचा प्रयत्न इंग्लंडात झाला, आणि तो शेतीपायी झाला. सोडा करणाऱ्या कारखान्यांतून मिठाच्या तेजाबाची वाफ सुटे आणि आजूबाजूची कुंपणे, झाडे, पिके करपून जात. जमीनवाल्यांनी ओरड केली. १८६३ साली अल्कली कायदा झाला आणि त्या वाफेतले शंभरातले पंचाण्णव भाग कारखान्यातच पकडले पाहिजेत असे ठरले. रॉबर्ट अँगस स्मिथ नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला तपासनीस नेमले. पावसाच्या पाण्यात तेजाब उतरते हे सांगून 'आम्ल पाऊस' हा शब्द रूढ करणारा तो हाच गृहस्थ. खटले भरण्यापेक्षा कारखानदाराला समजावण्याकडे त्याचा कल होता, आणि त्याबद्दल लोकांनी त्याला बोल लावले. माझ्या मते बोल अगदीच गैर नव्हते. पण एक गोष्ट त्याने केली: दर वर्षी अहवाल लिहिला आणि तो पार्लमेंटपुढे ठेवला. कारखान्याच्या धुराड्यातली गोष्ट छापील कागदावर आली, कोणालाही वाचता येईल अशी.

पण कोळशाचा काळा धूर मोजायचा कसा? तो काही बाटलीत भरून तराजूत टाकता येत नाही. त्याला तोड काढली पॅरिसच्या माक्सिमिलियँ रिंगेलमान याने, आणि हा माणूस शेतीच्या यंत्रांचा प्राध्यापक होता. १८८० च्या दशकाच्या अखेरीला त्याने एक तक्ता केला. गुरुजी, हा तक्ता वर्गात तासाभरात करता येईल. पांढऱ्या कागदावर एक मिलिमीटर जाडीच्या काळ्या रेघा उभ्या-आडव्या मारायच्या, दोन रेघांमध्ये नऊ मिलिमीटर पांढरी जागा सोडायची. हा झाला पहिला क्रमांक. रेघा जाड करत, जागा कमी करत चौथ्या क्रमांकापर्यंत यायचे. तिथे रेघ साडेपाच मिलिमीटरची आणि जागा साडेचारची. पाचवा म्हणजे ठार काळा. तक्ता पन्नास फुटांवर टांगला की रेघा दिसेनाशा होतात आणि करड्या रंगाच्या छटा तेवढ्या उरतात. धुराड्याचा धूर कोणत्या छटेशी जुळतो ते पाहायचे आणि वहीत लिहायचे, वेळ घालून. एवढ्या साध्या तक्त्याने धुराला पहिल्यांदा आकडा मिळाला. अनेक देशांत, अनेक शहरांत तो पुढे कित्येक वर्षे वापरात होता.

तरीही आकडा लिहिणारा कोणी नसेल तर तक्ता काय करील? क्लेअरटनच्या वरच्या अंगाला त्याच नदीकाठी डोनोरा नावाचे गाव आहे. वस्ती तेव्हा चौदा हजारांच्या घरात. तिथे जस्ताचा आणि पोलादाचा कारखाना होता. १९४८ च्या ऑक्टोबरअखेर खोऱ्यावर थंड हवेचे झाकण बसले, वारा पडला, आणि कारखान्यांचा धूर चार-पाच दिवस खोऱ्यातच कोंडून राहिला. भरदिवसा रस्ता दिसेना. वीस माणसे दगावली आणि सुमारे सहा हजारांना त्रास झाला. शेवटी पाऊस आला आणि हवा सुटली. मागाहून केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याचे लोक आले. त्यांनी घरोघर जाऊन विचारपूस केली, हवेचे नमुने घेतले. पण ज्या दिवसांत माणसे मेली त्या दिवसांत हवेत काय होते, किती होते, याची मोजलेली नोंदच नव्हती. मृतांची यादी होती, हवेची नव्हती.

आता येते ती नोंद, जिच्यासाठी मी ही सगळी कथा सांगायला घेतली. ती धुराची नोंद नव्हती. ती होती कामगारांच्या नोकरीची.

पिट्सबर्ग विद्यापीठातले विल्यम लॉइड आणि त्यांचे सहकारी यांनी १९६० च्या दशकात एक काम अंगावर घेतले. पिट्सबर्ग ज्या जिल्ह्यात आहे त्या अ‍ॅलेगेनी जिल्ह्यातल्या सात पोलाद कारखान्यांची १९५३ सालची हजेरीची आणि नोकरीची दप्तरे त्यांनी काढली. सुमारे एकोणसाठ हजार माणसांची नावे. कोण कोणत्या खात्यात, कोणत्या कामावर, किती वर्षे होता, हे सारे त्यात होते. अर्थात पगार आणि सेवाज्येष्ठता ठरवण्यासाठी लिहिलेले. मग त्यातले कोण पुढच्या काळात मरण पावले आणि कशाने, हे मृत्यूच्या दाखल्यांवरून शोधले. काम अतिशय कंटाळवाणे. एक नाव, एक कार्ड, एक दाखला. पुन्हा दुसरे नाव.

कोकभट्ट्यांवरच्या कामगारांत फुप्फुसाचा कर्करोग बाकीच्या पोलाद-कामगारांपेक्षा जास्त दिसला. पहिल्या नजरेला असे वाटले की तो जास्तपणा फक्त काळ्या कामगारांत आहे. तिथेच कोणी थांबले असते तर 'त्यांच्या रक्तातच काही असेल' असे म्हणून मोकळे झाले असते. असे म्हणणाऱ्यांची कुठेच वाण नसते. लॉइड थांबले नाहीत. त्यांनी विचारले, हा माणूस भट्टीच्या कोणत्या जागी उभा राहत होता? बाजूला, की माथ्यावर? माथ्यावरची कामे सगळ्यांत वाईट. पायाखाली तापलेल्या विटा, आणि झाकण उघडले की पिवळा धूर थेट तोंडावर. आणि ही कामे बहुतांशी काळ्या कामगारांच्या वाट्याला आलेली. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात हिशेब मांडला गेला: भट्टीच्या माथ्यावर पूर्ण वेळ पाच वर्षे किंवा अधिक काम केलेल्या माणसांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेच्या सुमारे दहापट होते. दोष जागेत होता.

मी मुद्दाम आणखी एक गोष्ट सांगतो. ब्रिटनमध्येही कोक-कामगारांची पाहणी झाली होती. तिचा निबंध १९५६ साली आला आणि तिच्यात असा काही विशेष धोका आढळला नव्हता. खोटेपणा कोणी केला नव्हता. पण भट्टीच्या माथ्यावरचा माणूस आणि खाली बाजूला काम करणारा माणूस एकाच रकान्यात मोजले, की माथ्यावरच्याचे मरण सरासरीत विरघळून जाते. वहीत रकाना कसा आखला आहे यावर इतके अवलंबून असते. एका तुकडीतली पाच मुले नापास झाली आणि साऱ्या शाळेचा निकाल मात्र उत्तम लागला, तर ती पाच मुले कोणाच्या बाकावर, कोणत्या खोलीत बसत होती हे विचारावे लागते. शिक्षक मित्रांना हे निराळे सांगायला नको.

लॉइड यांच्या आकड्यांनंतर पोलाद-कामगारांच्या संघटनेने हा प्रश्न लावून धरला. १९७६ साली अमेरिकेत कोकभट्ट्यांवरील कामगारांसाठी नियम झाला. हवेत हे डांबरी द्रव्य किती असावे याची मर्यादा ठरली: आठ तासांच्या पाळीत सरासरी, एक घनमीटर हवेत ०.१५ मिलिग्रॅम. आणि त्याच नियमात वहीबद्दल एक कलम आले. कामगाराच्या श्वासातली हवा मोजल्याची नोंद आणि त्याच्या वैद्यकीय तपासणीची नोंद मालकाने निदान चाळीस वर्षे, किंवा नोकरी अधिक वीस वर्षे, यांतली जी मुदत मोठी असेल तितकी जपायची. चाळीस वर्षे का? कारण हा रोग आज धूर खाल्ला आणि उद्या आला असा नाही. तो वीस-तीस वर्षांनी उगवतो, माणूस निवृत्त होऊन नातवंडे खेळवत असताना. आपल्या शाळेतले जनरल रजिस्टर आपण कायम जपून ठेवतो. माणूस साठीला आला तरी जन्मतारखेसाठी तेच उघडावे लागते. तसेच हे.

भट्टीबाहेरच्या हवेसाठी मात्र आणखी बराच काळ जावा लागला. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर चौदा वर्षांनी, १९८४ मध्ये, कोकभट्टीचा धूर घातक द्रव्यांच्या यादीत चढला. १९९० साली कायदा दुरुस्त झाला आणि १९९३ च्या ऑक्टोबरात सविस्तर नियम आले. या नियमांची तऱ्हा मला फार आवडते, म्हणून जरा थांबून सांगतो. भट्टीच्या दाराच्या फटीतून किती वजनाचा वायू सुटला हे मोजणे फार अवघड. म्हणून नियम करणारांनी ठरवले की दारेच मोजा. किती दारे आहेत आणि त्यांतली किती गळतात?

रोज, आठवड्याचे सातही दिवस, प्रत्येक भट्टीरांगेची तपासणी करायची. तपासणारा मालकाचा नोकर नाही. तो सरकारी खात्याकडून यायचा आणि खर्च कारखान्याने सोसायचा. हा माणूस रांगेच्या कडेने सारख्या चालीने चालत जातो. एका दारामागे चार सेकंद. गळते दार दिसले तर त्याची नोंद करायला वर दहा सेकंद. याहून जास्त रेंगाळायचे नाही आणि पळायचेही नाही. मग माथ्यावरची झाकणे, मग उभ्या नळ्या. कोळसा भरताना हातात थांबघड्याळ: धूर दिसू लागला की सुरू, दिसेनासा झाला की बंद, असे लागोपाठ पाच भरण्यांचे सेकंद लिहायचे. तीस दिवसांच्या सरासरीने एका भरणीला बारा सेकंदांपेक्षा जास्त धूर दिसता कामा नये. दारांची मर्यादा सुरुवातीला शेकडा पाच-सहा होती, पुढे ती आणखी खाली आली.

आणि डोळ्यांनी धूर मोजायचा तर डोळे शिकलेले हवेत. त्यासाठी तिकडे धुराची शाळाच भरते. यंत्राने पांढरा आणि काळा धूर मुद्दाम सोडतात. सूर्य पाठीशी ठेवून उभे राहायचे आणि धुराआडचे किती झाकले गेले ते पाच-पाच टक्क्यांच्या पायरीने सांगायचे. पंचवीस वेळा काळा, पंचवीस वेळा पांढरा. एकाही उत्तरात पंधरा टक्क्यांहून मोठी चूक नको, आणि सरासरी चूक साडेसात टक्क्यांच्या आत हवी. दर सहा महिन्यांनी परीक्षा पुन्हा! भट्टीतून कोक ढकलताना उठणाऱ्या धुरावर २००३ साली जे नियम आले, त्यांतली रोजची पाहणी याच शाळेत शिकलेल्या डोळ्यांनी करायची असते.

वहीचेही नियम ठरले. सहा-सहा महिन्यांनी कारखान्याने सहीनिशी कळवायचे की आम्ही मर्यादेत होतो, किंवा नव्हतो. कच्चा वायू न जाळता हवेत सोडावा लागला तर चोवीस तासांच्या आत वर्दी द्यायची आणि तीस दिवसांत लेखी अहवाल. नोंदी पाच वर्षे जपायच्या. यात एक ओळ अशी आहे की ती वाचताना माथ्यावरची ती माणसे आठवतात: कामगार संघटनेच्या प्रतिनिधीने लेखी मागणी केली तर या नोंदी त्याला पाहू द्यायच्या आणि उतरवून घेऊ द्यायच्या.

आता कोणी म्हणेल, इतकी वही झाली, मग सगळे ठीक झाले असेल. तसे कुठे होते!

शाळा तपासायला दिपोटी साहेब यायचे त्या दिवसाची आठवण जुन्या मंडळींना असेल. भिंतींना रंग, अंगणात सडा, आणि ज्या मुलाला पाढे येत नाहीत त्याला आदल्या दिवशी सांगितलेले, "उद्या घरीच राहा हं." मी स्वतः असा एकदा घरी राहिलेलो आहे. (गणित माझे आजही कच्चे आहे.) न्यूयॉर्क राज्यात बफेलो शहराजवळ, नायगारा नदीच्या काठी, टोनावांडा येथे एक कोक-कारखाना होता. तिथे एक झडप होती. वायूचा दाब वाढला की ती उघडे आणि कच्चा वायू सरळ हवेत जाई. परवान्यात त्या झडपेचे नावच नव्हते. २००९ साली केंद्राचे तपासनीस यायचे होते, त्याआधी ती झडप त्यांच्या डोळ्यांआड ठेवण्याची व्यवस्था झाली, असे पुढे न्यायालयात सिद्ध झाले. पाढे न येणारा मुलगा घरी बसवला, तशी.

हे बाहेर कसे आले? आसपासच्या रहिवाशांना वास येई, आजार दिसत. त्यांनी एका बादलीत प्लॅस्टिकची पिशवी बसवून घरगुती साधन केले, हवा भरून घेतली आणि ती प्रयोगशाळेकडे पाठवली. बेंझीन भरपूर निघाले. मग राज्य सरकारने २००७-०८ मध्ये वर्षभर हवा मोजली आणि बोट कारखान्याकडे वळले. मार्च २०१३ मध्ये ज्यूरीने कंपनीला चौदा आरोपांवर दोषी ठरवले, पर्यावरणाचे खाते सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यालाही. पुढल्या वर्षी कंपनीला सव्वा कोट डॉलर दंड झाला आणि शिवाय तितक्याच अदमासे रकमेचे लोकोपयोगी काम करून देण्याची शिक्षा. कारखाना २०१८ मध्ये बंद पडला. त्याच्या दप्तरात बेंझीनचा रकाना होता, बरे का. आकडाही लिहिलेला होता. तो खरा नव्हता, इतकेच.

क्लेअरटनची गोष्ट आणखी निराळी. २४ डिसेंबर २०१८ च्या पहाटे तिथे आग लागली आणि वायूतले गंधक काढणारी यंत्रणा बंद पडली. भट्ट्या अशा थंड करता येत नाहीत, विटा तडकतात; म्हणून काम चालू राहिले आणि गंधकासह वायू जळत राहिला. आजूबाजूच्या मोजणी केंद्रांवर सल्फर डायऑक्साइडचे आकडे चढले. म्हणजे नोंद होत होती, यंत्रे आपले काम करत होती. पण दमेकऱ्यांनी, म्हाताऱ्यांनी, लेकरांनी जपून राहावे असा जाहीर इशारा जिल्ह्याच्या आरोग्य खात्याने दिला तो ९ जानेवारी २०१९ रोजी. मध्ये सोळा दिवस गेले. नाताळ गेला, नवे वर्ष लागले, पोरे अंगणात खेळली.

आपल्याकडे कोकभट्ट्या बहुतेक पूर्वेकडे, झारखंड-बंगालच्या बाजूला. पण अगदीच परक्या नाहीत. रायगड जिल्ह्यात डोलवीला आहेत, गोव्यात डिचोली तालुक्यात आमोणे-नावेलीच्या बाजूला आहेत. १९८१ चा हवेच्या प्रदूषणाचा कायदा त्यांना लागू आहे, आणि कोकभट्ट्यांसाठी जी मानके ठरली आहेत त्यांतही गळक्या दारांची, झाकणांची टक्केवारीच धरलेली आहे. तीच चार सेकंदांची नजर, म्हणा ना. १९९० च्या दशकापासून कारखान्यांनी दर वर्षी पर्यावरणाचे विवरणपत्र मंडळाला द्यायचे असते. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली सरकारी दप्तरातला असा कागद साध्या अर्जावर मागता येतो. अर्ज मराठीत चालतो.

अमेरिकेत २०२४ च्या जुलैत आणखी एक पाऊल टाकले गेले होते. भट्टीपाशीच कशाला, कारखान्याच्या कुंपणावर बेंझीन मोजा, म्हणजे शेजाऱ्याच्या अंगणात काय जाते ते कळेल, असा तो नियम. २०२५ मध्ये तिथल्या नव्या सरकारने त्याच्या मुदती पुढे ढकलल्या.

पिट्सबर्गच्या खालच्या अंगाला, ओहायो नदीतल्या नेव्हिल बेटावर, शेनँगो नावाचा कोक-कारखाना होता. पलीकडच्या काठावरच्या लोकांनी, तो बंद पडण्याच्या आधीची एक-दोन वर्षे, विद्यापीठातल्या मंडळींच्या मदतीने कॅमेरे लावून त्याच्या धुराची दिवसरात्र चित्रे घेतली होती. जानेवारी २०१६ मध्ये कारखाना बंद झाला. मालकांनी कारण दिले पोलादाच्या मंदीचे. मग न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी आसपासच्या वस्तीचे इस्पितळांतले आकडे काढले आणि बंद होण्याआधीचे आणि नंतरचे आठवडे शेजारी शेजारी मांडले. त्यांचा निबंध २०२३ साली आला. हृदयाच्या तक्रारीने इस्पितळात तातडीने धाव घेणाऱ्यांची आठवड्याची संख्या कारखाना बंद होताच सुमारे ४२ टक्क्यांनी खाली आली होती. कारखाना चालू होता तेव्हाही ही माणसे इस्पितळात येतच होती. त्यांची नावे, वेळ, तक्रार, सारे तिथल्या केसपेपरांवर तेव्हाच लिहिलेले होते.